बोटीचे इंजिन तापते तेव्हा
(मच्छीमार बांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय बोटीच्या इंजिनचा आहे आणि त्यातही एकाच तक्रारीचा आहे. ती तक्रार म्हणजे इंजिन तापणे. विषय लहान वाटतो. पण ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला तो लहान वाटत नाही.

शेतावरच्या पंपाचे इंजिन तापले तर ते बंद करून आंब्याच्या सावलीत बसता येते. इंजिन निवते, मग मिस्त्रीला निरोप जातो. दर्यात ही सोय नाही. तिथे इंजिन बंद पडले की बोट वाऱ्याच्या आणि पाण्याच्या ओढीच्या स्वाधीन होते. खडक जवळ असेल, हवा बिघडली असेल किंवा मोठ्या जहाजांच्या वाटेत तुम्ही असाल, तर प्रश्न इंजिनपुरता राहत नाही, बोटीवरच्या माणसांचा होतो.

एका बोटीची हकीकत सांगतो. गाव आणि नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशी बोट प्रत्येक बंदरात एखादी सापडेल. मासळी भरून बोट परतत होती. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला ड्रायव्हरने पाहिला. तांडेलला सांगितले. समोर बंदराचा दिवा दिसत होता. तांडेल म्हणाला, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, चालू दे." पंधरा मिनिटांत इंजिनचा आवाज बदलला, वाफ आली आणि इंजिन जाम झाले. दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढून आणले. उघडल्यावर हेडला तडा गेलेला आणि पिस्टन धरलेला. ऐन हंगामात बोट किनाऱ्याला बसली. आणि कारण काय निघाले? समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत अडकलेला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. तो काढायला दहा मिनिटे लागली असती.

म्हणून आज तुम्हाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. इंजिन एकाएकी तापत नाही. ते आधी सांगते. बोटीच्या कडेने पडणारी पाण्याची धार आणि मीटरचा काटा, या दोघांची भाषा ज्याला कळते त्याचे इंजिन सहसा जळत नाही.

उष्णता येते कुठून, जाते कुठे?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच पंखा फिरवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली उष्णता इंजिनच्या अंगात राहते आणि ती पाण्याने बाहेर काढावी लागते. हे पाणी थांबले तर इंजिनचे तेल पातळ होते, पिस्टन फुगतो, गॅस्केट जळते आणि शेवटी लोखंडाला तडा जातो.

आपल्याकडच्या बोटींत पाणी फिरवण्याच्या दोन पद्धती मुख्यतः दिसतात. पहिल्या पद्धतीत समुद्राचे पाणीच थेट इंजिनमधून फिरते आणि बाहेर पडते. ही रचना सोपी, पण खारे पाणी इंजिनच्या आतल्या वाटा खाते आणि जास्त तापले की त्यातले क्षार आत धरतात. म्हणून असे इंजिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवतात.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनमध्ये गोडे पाणी फिरते. ते हीट एक्स्चेंजरमध्ये येते. तिथे बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या एका बाजूने तापलेले गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचे थंड पाणी जाते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, पण उष्णता इकडून तिकडे जाते. अशा इंजिनचा काटा सहसा ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान राहतो. मोटारीच्या इंजिनला जे काम वारा करतो, ते इथे समुद्राचे पाणी करते, एवढाच फरक.

आता समुद्राच्या पाण्याची वाट डोळ्यांपुढे आणा. बोटीच्या तळाचे भोक, त्यावरचा सी-कॉक, मग गाळणी म्हणजे स्ट्रेनर, मग पंप, मग ऑइल कूलर आणि हीट एक्स्चेंजर, आणि शेवटी बोटीच्या कडेचा पाइप किंवा सायलेन्सर. या वाटेवर कुठेही अडथळा आला की तो कडेला पडणाऱ्या धारेत दिसतो.

आधी निरोगी इंजिन ओळखा

डॉक्टर ताप मोजतो, कारण निरोगी माणसाचे तापमान त्याला माहीत असते. तुमच्या इंजिनचे निरोगी आकडे तुम्हाला माहीत आहेत का? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "धार नेहमीसारखी पडते." नेहमीसारखी म्हणजे किती?

यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. बोट जेटीला बांधलेली असताना, इंजिन गरम झाल्यावर, ठरावीक फेऱ्यांवर ठेवा. कडेच्या पाइपाखाली १० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. समजा १५ सेकंद लागले, तर मिनिटाला ४० लिटर पाणी पडते. हा आकडा प्रत्येक इंजिनचा वेगळा असतो. दुसऱ्याच्या बोटीशी तुलना करू नका, आपल्याच बोटीच्या आकड्याशी करा. पंप नवा असताना आणि वाट साफ असताना हा आकडा घ्यावा आणि रंगाने केबिनच्या फळीवर लिहून ठेवावा.

त्याच्याजवळ आणखी दोन आकडे लिहा: पूर्ण भाराने बोट चालताना टेम्परेचरचा काटा कुठे असतो आणि ऑइल प्रेशर किती असते. महिन्यातून एकदा बादलीची परीक्षा पुन्हा करा. १५ सेकंदांचे २० सेकंद झाले, तर पाव हिस्सा पाणी कमी झाले. काटा अजून जागेवर असेल, पण आजार सुरू झाला आहे. या वेळी केलेली दुरुस्ती सर्वांत स्वस्त असते.

काटा चढू लागला: पहिली पाच मिनिटे

आता समजा, तुम्ही दर्यात आहात आणि काटा चढतो आहे. घाई करू नका आणि वेळही घालवू नका. क्रम असा ठेवा.

पहिले, रेस कमी करा. जाळे ओढत असाल तर ओढणे थांबवा, बोट न्यूट्रलमध्ये घ्या. भार उतरला की उष्णताही उतरते.

दुसरे, कडेला जाऊन धार पाहा. पुढचा निर्णय या धारेवर अवलंबून आहे.

धार व्यवस्थित पडत असेल, ऑइल प्रेशर ठीक असेल आणि वाफ येत नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये, कमी फेऱ्यांवर काही मिनिटे चालू द्या. तापलेले इंजिन एकदम बंद केले की आतले पाणी फिरायचे थांबते आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तिथेच राहते. पाणी फिरत राहिले तर ती हळूहळू बाहेर पडते. काटा खाली येऊ लागला की समजा, थोडा अवधी मिळाला.

धार बंद असेल किंवा अगदी बारीक असेल, पंपाचा पट्टा तुटला असेल, ऑइल प्रेशर पडले असेल, वाफ येत असेल किंवा इंजिनचा आवाज बदलला असेल, तर इंजिन बंदच करावे. इथे "बंदर दिसते आहे" हा विचार घातक आहे. मात्र बंद करण्यापूर्वी आजूबाजूला पाहा. खडक किंवा उथळ जागा जवळ असेल आणि पाण्याची खोली नांगराच्या आवाक्यात असेल, तर आधी नांगर तयार करा आणि बोट वाहवत जाणार नाही असे पाहा.

तिसरे, बोटीच्या तळाशी साचलेले पाणी पाहा. हे पुष्कळजण विसरतात. समुद्राच्या पाण्याची रबरी नळी फाटली किंवा क्लिपमधून निसटली, तर इंजिनला पाणी मिळत नाही आणि तेच पाणी बोटीत भरू लागते. अशा वेळी तापलेले इंजिन ही दुय्यम गोष्ट आहे. ताबडतोब सी-कॉक बंद करा आणि बोटीतले पाणी उपसा. सी-कॉक गंजून बसला असेल तर लाकडी खुंटी ठोकून भोक बंद करता येते. त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी सी-कॉकच्या शेजारीच दोरीने बांधून ठेवलेली असावी.

चौथे, दोन गोष्टी मुळीच करू नका. गरम इंजिनच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. झाकणाखाली दाब असतो. त्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येते. थंड पाणी ओतले तर लोखंड एका बाजूने आकसते आणि हेडला तडा जातो. जे इंजिन वाचले असते तेही हातचे जाते.

कोणी भाजलेच, तर भाजलेल्या भागावर निदान २० मिनिटे थंड, स्वच्छ गोडे पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, तेल, शाई असे काही लावू नका. फोड फोडू नका.

कारण शोधताना बाहेरून आत या

इंजिन थांबले आणि बोट सुरक्षित आहे. आता कारण शोधायचे. बरेच ड्रायव्हर थेट पाना घेऊन इंजिन उघडायला बसतात. तसे करू नये. बाहेरून आत यावे, सोप्याकडून अवघडाकडे जावे.

धार कमी किंवा बंद असेल, तर दोष समुद्राच्या पाण्याच्या वाटेवर आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत डोकावण्याची सध्या गरज नाही.

प्रथम सी-कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहा. मग तो बंद करून गाळणी उघडा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला गढूळ पाण्यातून गाळ येतो. प्लास्टिक, शेवाळ, जाळ्याचे धागे, बारीक मासळी, जेलीफिशचा चोथा, यातले काहीही गाळणीत सापडते. जाळी धुवा, गाळणीत पाणी भरा आणि झाकण नीट बसवा. झाकणाचे रबर खराब असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि गाळणी स्वच्छ असूनही धार तुटक पडते. काम झाले की सी-कॉक उघडायला विसरू नका. यासाठी एक सवय लावून घ्या. सी-कॉक बंद केला की इंजिनची चावी त्याच्या दांड्यालाच अडकवायची. मग तो उघडल्याशिवाय इंजिन चालू होणारच नाही.

गाळणी स्वच्छ असेल तर तळाचे भोक बाहेरून बुजले असण्याची शक्यता आहे. पिशवी चिकटली असेल तर इंजिन बंद केल्यावर ओढ जाते आणि ती कधी कधी आपोआप सुटते. पाण्यात माणूस उतरवायचाच झाला, तर इंजिन बंद, चावी तांडेलच्या खिशात आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, हे तिन्ही झाल्याशिवाय उतरवू नये. रात्री किंवा उसळत्या पाण्यात तर मुळीच नाही.

नंतर पंप. पट्टा सैल असेल तर घट्ट करा. तुटला असेल तर बदला. पंपात रबरी इम्पेलर असेल तर त्याचे झाकण उघडून पाती पाहा. पाणी नसताना हा इम्पेलर चालला तर थोड्याच वेळात जळतो, कारण त्याला पाण्याचेच वंगण असते. पाती तुटलेली असतील तर तुटके तुकडे मोजा. नव्या इम्पेलरने पंप चालू होतो, पण हरवलेला तुकडा पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो आणि आठ दिवसांनी इंजिन पुन्हा तापते. मग दोष नव्या इम्पेलरला दिला जातो. म्हणून सगळे तुकडे हाती येईपर्यंत शोध थांबवू नये. नवा इम्पेलर बसवताना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा डिझेल लावू नये. काही इंजिनना पितळी दातेरी पंप असतो. त्याचे दाते आणि झाकण झिजले की फेऱ्या त्याच राहूनही पाणी कमी येते.

आता दुसरी स्थिती घ्या. धार जोरात पडते आहे आणि तरी इंजिन तापते आहे. अशा वेळी धारेच्या पाण्याला जपून बोट लावून पाहा. धुराचा आणि पाण्याचा पाइप एकच असेल तर ही परीक्षा करू नये. तिथे पाणी धुरानेच तापलेले असते. पाइप वेगळा असेल आणि इंजिन उकळत असताना धारेचे पाणी फक्त कोमट लागत असेल, तर त्याचा अर्थ असा की समुद्राचे पाणी येते आणि जाते, पण इंजिनची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग दोष आतल्या बाजूला आहे. उलट, धार बारीक आणि चटका देणारी असेल, तर उष्णता पोहोचते आहे, पाणी पुरत नाही.

आतल्या बाजूची कारणे अशी. टाकीत गोडे पाणी कमी झालेले असते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेल्यामुळे दाब टिकत नाही. गोडे पाणी फिरवणाऱ्या पंपाचा पट्टा सैल असतो. पाणी भरताना आत हवा धरलेली असते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असतो. किंवा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर क्षारांचा थर बसलेला असतो.

इंजिन निवल्यावर, म्हणजे टाकीवर हात सहज ठेवता येईल तेव्हा, झाकणावर जाड कापड टाकून तोंड बाजूला करून ते हळूच पाव फेरा फिरवा. फुसफुस थांबली की पूर्ण काढा. पाणी कमी असेल तर थोडे थोडे भरा. बोटीवर पिण्याचे पाणी असते, ते वापरता येईल. पण सगळे ओतू नका. इंजिन सुरू झाले नाही तर तेच पाणी माणसांना लागणार आहे.

एक धोक्याची सूचना. टाकीतले पाणी बरेच कमी झाले, तर मीटरची घुंडी पाण्याबाहेर पडते आणि तिला वाफेचाच स्पर्श होतो. मग काटा खाली येतो आणि इंजिन मात्र जळत असते. म्हणून चढलेला काटा एकाएकी खाली आला तर आनंद मानू नका, आधी पाणी पाहा.

टाकीत बुडबुडे येत असतील, इंजिन ऑइल दुधाळ चहासारखे झाले असेल, किंवा पांढरा धूर थांबत नसेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेले आहे. हे काम दर्यात होत नाही. इंजिन चालवू नका, मदत मागा.

दोष पाण्यात नसेल तर

कधी पाण्याची वाट साफ असते, धार चांगली असते, रिकामी बोट चालवताना काटाही जागेवर असतो. पण भार आला की इंजिन तापते आणि काळा धूर येतो. याचा अर्थ इंजिनवर त्याच्या ताकदीबाहेर ओझे पडते आहे. पंख्यात दोर किंवा जाळे गुंडाळलेले असेल. पंख्याचे पाते वाकलेले असेल. बोटीच्या तळाला शिंपले आणि शेवाळ धरले असेल. दुरुस्तीनंतर पंखाच मोठ्या मापाचा बसवला असेल. एअर फिल्टर कोंदला असेल किंवा नोझल खराब असेल. हीट एक्स्चेंजर अर्धा बुजलेला असला तरी तो भाराखालीच उघडा पडतो. बैलाला चढावर दुप्पट माल ओढायला लावला तर तो धापा टाकणारच. त्याला पाणी पाजून भागत नाही, गाडीतला माल उतरवावा लागतो.

आउटबोर्ड मशीन वापरणाऱ्यांसाठीही हेच तत्त्व आहे. मशीनच्या मागून पडणारी बारीक धार ही त्याची नाडी आहे. मशीन सुरू झाल्याबरोबर ती पाहण्याची सवय ठेवा. धार नसेल तर लगेच बंद करा. पाणी घेण्याच्या जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिक आहे का ते पाहा. धारेच्या भोकातच वाळू अडकली असेल तर बारीक तारेने साफ करा. वाळूच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात मशीन रेटत नेऊ नका. वाळू इम्पेलर खाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने मशीन आतून धुवावे.

ज्या उपायांनी अपाय होतो

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तात्पुरते बरे वाटते. पण मग इंजिन कायम थंड चालते, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी हीट एक्स्चेंजरकडे न जाता आतल्या आतच फिरते आणि इंजिन आणखी तापते. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरच्या पातेल्यात कळते. पाण्यात तो दोऱ्याने टांगून ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. उघडला नाही तर बदला.

दुसरा अपाय म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत समुद्राचे पाणी भरणे. जीव वाचवण्यासाठी दुसरा इलाजच नसेल, तर इंजिन निवल्यावर ते भरावे लागेल. पण बंदरात आल्याबरोबर आतून गोड्या पाण्याने अनेक वेळा धुऊन घ्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे मचूळ पाणीही चालत नाही. स्वच्छ, हलके पाणी आणि इंजिनच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात कूलंट, हेच योग्य.

तिसरा अपाय हीट एक्स्चेंजर साफ करताना होतो. नळ्यांत पोलादी सळई घालून खरवडू नका, नळ्या ओरखडतात आणि तिथेच खाल्ल्या जातात. लाकडी किंवा पितळी काडी वापरा. ॲसिडने धुण्याचे काम माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्या. ॲल्युमिनियमच्या भागाला ॲसिड लागू देऊ नये.

बंदीच्या काळात करायची कामे

जून आणि जुलै हे पावसाळी मासेमारी बंदीचे महिने म्हणजे इंजिनच्या दुरुस्तीचे महिने. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करण्याआधी पुढील कामे झालेली असावीत.

१. इम्पेलर बाहेर काढून ठेवावा. दोन महिने एकाच जागी दाबून राहिला तर पाती वाकतात. हंगामाच्या सुरुवातीला शक्यतो नवाच बसवावा आणि जुना, चांगला असेल तर, सुट्या सामानात ठेवावा.
२. हीट एक्स्चेंजर आणि ऑइल कूलर उघडून नळ्या साफ कराव्यात. त्यातला जस्ताचा तुकडा अर्धा खाल्ला गेला असेल तर बदलावा. इंजिनचे धातू वाचावेत म्हणून समुद्राचे पाणी खाईल ते या जस्ताला खाते. तो तुकडा संपला की पाळी तुमच्या नळ्यांची येते.
३. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा आतून मऊ पडलेल्या नळ्या बदलाव्यात. पाण्याच्या रेषेखालच्या नळीला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात.
४. सी-कॉक उघडझाप करून मोकळा करावा.
५. तळ खरवडून रंग द्यावा, पंखा तपासावा.
६. मीटर खरे सांगते का, हे थर्मामीटरशी ताडून पाहावे.
७. दुरुस्तीनंतर बादलीची परीक्षा करून नवा आकडा फळीवर लिहावा.

बोटीवर कायम असावे असे सुटे सामान फार नाही: एक इम्पेलर आणि त्याचे गॅस्केट, प्रत्येक मापाचा एक पट्टा, गाळणीच्या झाकणाचे रबर, दोन-तीन क्लिपा, नळीचा एक तुकडा, लाकडी खुंट्या, पाने, पक्कड, टॉर्च आणि इंजिनसाठी वेगळा राखलेला गोड्या पाण्याचा डबा. हे सगळे एका खोक्यात मावते आणि एका हेडच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च अगदी थोडा आहे.

इंजिन सुरू होणार नाही असे दिसताच मदत मागायला उशीर करू नका. अंधार पडण्याची किंवा बोट खडकाजवळ जाण्याची वाट पाहू नका. व्हीएचएफ संचावर १६ नंबरचे चॅनेल लावा, आपली जागा, बोटीचे नाव आणि माणसांची संख्या सांगा. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा १५५४ हा नंबर लावा. सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. जवळच्या बोटींना कळवावे. मदत मागण्यात कमीपणा नाही.

शेवटी एवढेच सांगतो. बोटीवर धार पाहण्याचे काम एका माणसाला नेमून द्या. इंजिन सुरू केल्यावर, जाळे टाकण्याआधी, जाळे ओढताना आणि परतीला लागताना, अशी चार वेळा त्याने कडेला वाकून पाहावे आणि तांडेलला मोठ्याने सांगावे, "धार ठीक आहे." नव्या पोराला बोटीवर घ्याल तेव्हा त्याला पहिले काम हेच द्या. त्याला एवढे सांगा की धार बारीक झाली तर कोणाचीही भीड न बाळगता ओरडायचे. आणि तांडेल मंडळींना माझी विनंती अशी की पोरगा ओरडला, तर समोर बंदराचा दिवा दिसत असला तरी आधी रेस कमी करा. ती बोट दहा मिनिटे उशिरा बंदरात येईल, पण आपल्या पायांनी येईल.